विश्लेषण : बंद झालेल्या जपानी स्पोर्ट्स कारचे सुटे भाग पुन्हा का बनू लागले?

निस्सान स्कायलाइन जीटी-आर, माझदा आरएक्स-७, टोयोटा सुप्रा, होंडा एनएसएक्स. १९९०च्या दशकात रस्ते आणि शर्यती गाजवणाऱ्या या गाड्यांचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. एरवी एवढी जुनी गाडी भंगारात जाते. या गाड्यांच्या किमती मात्र वाढत गेल्या आणि ज्या कंपन्यांनी त्यांचे सुटे भाग बनवणे थांबवले होते, त्याच कंपन्या आता ते पुन्हा बनवू लागल्या आहेत. हे का घडले, भाग मिळतात कुठून आणि जुनी गाडी पुन्हा उभी करायला काय लागते, याचा हा आढावा.

या गाड्या एवढ्या खास का?

जपानी मोटार उद्योगाने स्पोर्ट्स कारमध्ये आपली छाप १९६०च्या दशकातच पाडली होती. यामाहाच्या साहाय्याने घडवलेली टोयोटा २००० जीटी १९६७ मध्ये आली, तर १९६९ मध्ये निस्सानने फेअरलेडी झेड बाजारात आणली. हीच गाडी अमेरिकेत डॅटसन २४० झेड या नावाने तुफान खपली. मात्र खरा बहर आला तो १९८९ नंतर. त्या एका वर्षात माझदाची एमएक्स-५ आणि निस्सानची आर-३२ मालिकेतील स्कायलाइन जीटी-आर या दोन गाड्या आल्या. वर्षभरात होंडाने संपूर्ण ॲल्युमिनियम बॉडी असलेली एनएसएक्स आणली. १९९१ मध्ये आरएक्स-७ची तिसरी पिढी (एफडी) आली आणि १९९३ मध्ये चौथी सुप्रा (ए-८०).

जपानमधील आर्थिक भरभराटीच्या काळात या गाड्यांची आखणी झाली होती. अभियंत्यांना पैसा आणि मोकळीक दोन्ही मिळाले. देशांतर्गत गाड्यांची शक्ती २८० अश्वशक्तीपेक्षा जास्त दाखवायची नाही, असा अलिखित करार जपानी कंपन्यांनी तेव्हा आपसांत केला होता. प्रत्यक्षात अनेक इंजिने त्याहून अधिक ताकद पेलण्यासाठी घडवलेली होती. आर-३२ जीटी-आरने १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियातील मोटार पत्रकारांनी तिला ‘गॉडझिला’ हे नाव दिले. १९९१ मध्ये माझदाने रोटरी इंजिनाच्या गाडीने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. तिथे पहिला क्रमांक मिळवणारी ती पहिली जपानी कंपनी.

चांगली गाडी एका भागासाठी कशी अडते?

गाडीचे उत्पादन थांबले की तिचे सुटे भाग आणखी काही वर्षे बनत राहतात. हा काळ साधारणपणे दहा-पंधरा वर्षांचा असतो. पुढे मागणी घटते. बहुतेक भाग मोटार कंपनी स्वतः बनवत नाही, ते पुरवठादार बनवतात. वर्षाला दहा-वीस नग विकले जाणार असतील तर त्यासाठी काही टन वजनाचे पोलादी साचे जपून ठेवणे, त्यांना गंज लागू न देणे आणि यंत्रावर पुन्हा चढवणे पुरवठादाराला परवडत नाही. साचा मोडीत निघतो आणि त्या भागाच्या क्रमांकापुढे उत्पादन बंद असा शिक्का बसतो. जपानी गॅरेजमध्ये यासाठी ‘सेइहाई’ असा छोटा शब्द आहे. जुन्या गाडीच्या मालकाला तो ऐकायला आवडत नाही.

मालकाला छळतात त्या बऱ्याचदा लहानसहान गोष्टी. इंजिनाची दुरुस्ती करणारे कारागीर मिळतात, पिस्टन आणि टर्बो इतर कंपन्यांकडूनही मिळतात. पण दाराच्या कडेची रबरी पट्टी, वायरिंगचा संपूर्ण संच, इंधनाची पातळी मोजणारा सेंडर, खिडकीच्या काचेची खाच, डॅशबोर्डवरची प्लास्टिकची झाकणे या वस्तू दुसरे कोणी बनवत नाही. रबरी पट्टी फाटली की पाणी आत येते, पाणी आले की गालिच्याखालचा पत्रा गंजतो आणि काही पावसाळ्यांत गाडीचा तळ कुजतो. लाखमोलाची गाडी हजार-दोन हजारांच्या पट्टीपायी संपते, ती अशी.

मागणी अचानक का वाढली?

पहिले कारण अमेरिकेच्या कायद्यात आहे. तिथल्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली परदेशी गाडी खासगी व्यक्तीला सहजासहजी आणता येत नाही. मात्र गाडी बनून २५ वर्षे पूर्ण झाली की सुरक्षा मानकांच्या अटीतून सूट मिळते. १९८८च्या कायद्यानंतर ही व्यवस्था रूढ झाली. जीटी-आर अमेरिकेत अधिकृतपणे विकलीच गेली नव्हती, त्यामुळे एक अख्खी पिढी तिला व्हिडीओ गेममध्ये आणि पडद्यावरच पाहत मोठी झाली. २०१४ मध्ये आर-३२ने पंचविशी गाठली आणि जपानमधून गाड्यांचा ओघ सुरू झाला. १९९९ मध्ये आलेल्या आर-३४साठी तोच दरवाजा जानेवारी २०२४ मध्ये उघडला. कॅनडात ही मर्यादा १५ वर्षांचीच असल्याने तिथे या गाड्या आधीच पोहोचल्या होत्या.

दुसरे कारण चित्रपट. २००१च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’मध्ये वापरलेली नारिंगी सुप्रा २०२१ मध्ये अमेरिकेतील लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. त्याच मालिकेतील चौथ्या चित्रपटात पॉल वॉकरने चालवलेली आर-३४ स्कायलाइन २०२३ मध्ये साडेतेरा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. टोयोटा २००० जीटी तर साडेतीनशेच्या आसपासच बनल्या होत्या. त्यातली, कॅरोल शेल्बी यांच्या चमूने शर्यतीसाठी वापरलेली एक गाडी २०२२ मध्ये २५ लाख डॉलरच्या पुढे गेली.

यात एक विरोधाभास आहे. खुद्द जपानमध्ये जुनी गाडी बाळगणे महाग पडते. नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी होते. १३ वर्षे उलटलेल्या पेट्रोल गाडीवरचा वार्षिक कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे अनेक मालकांनी या गाड्या परदेशी खरेदीदारांना विकून टाकल्या. आपला वारसा देशाबाहेर चालला आहे, अशी खंत तिथल्या रसिकांमध्ये उमटू लागली आणि कंपन्यांवर दबाव वाढला.

कंपन्यांनी नेमके काय सुरू केले?

या बाबतीत होंडा सर्वांत आधी जागी झाली. एनएसएक्स अजून बनत असतानाच, १९९३ मध्ये, कंपनीने तिच्यासाठी ‘रिफ्रेश प्लॅन’ सुरू केला. मालकाने गाडी कारखान्याकडे पाठवायची आणि इंजिन, सस्पेन्शन, अंतर्भाग यांपैकी जे हवे ते नवे करून घ्यायचे. ॲल्युमिनियमची बॉडी गल्लीतल्या गॅरेजमध्ये ठोकून सरळ करता येत नाही, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते. निस्सानने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जुन्या २४० झेड विकत घेऊन, त्या नव्यासारख्या करून आपल्याच विक्रेत्यांमार्फत विकल्या. मात्र तो प्रयोग मोजक्या गाड्यांपुरताच राहिला.

खरी लाट आली ती २०१७ मध्ये. त्या वर्षी माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५साठी, म्हणजे जपानमधील रोडस्टरसाठी, हिरोशिमा येथे पुनरुज्जीवन सेवा जाहीर केली. नव्याने बनवलेल्या वस्तूंमध्ये कापडी छत, नार्डीचे लाकडी स्टिअरिंग आणि गिअरची मूठ होती. ब्रिजस्टोनने त्या काळचे १४ इंची टायरही जुन्या नक्षीसह पुन्हा काढले. आजच्या टायरवर ही हलकी गाडी १९८९ सारखी चालत नाही, हे अभियंत्यांना ठाऊक होते. २०२० मध्ये माझदाने हा उपक्रम आरएक्स-७च्या दोन पिढ्यांपर्यंत वाढवला.

डिसेंबर २०१७ मध्येच निस्सानने आर-३२ जीटी-आरसाठी ‘निस्मो हेरिटेज पार्ट्स’ ही योजना सुरू केली. वायरिंगचे संच, नळ्या, बाहेरील पट्ट्या, बोधचिन्हे असे भाग त्यात आले. पुढे आर-३३ आणि आर-३४चाही समावेश झाला. योकोहामातील निस्मोच्या ओमोरी कारखान्यात संपूर्ण गाडी उघडून पुन्हा बांधण्याचे कामही चालते. टोयोटाने ‘जीआर हेरिटेज पार्ट्स’ या नावाखाली आधी सुप्राच्या दोन पिढ्या घेतल्या. नंतर २००० जीटी, लँड क्रूझर ४० आणि एई-८६ यांची भर पडली. २००० जीटीसाठी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे भाग, सुप्रासाठी दाराची हँडल आणि इंधन सेंडर, अशी ही यादी आहे. हे भाग टोयोटाच्या अधिकृत विक्रेत्यांकडून मिळतात.

साचाच नसेल तर भाग बनतो कसा?

जुने रेखाचित्र सापडले तरी त्यातील सामग्री आज मिळेलच असे नाही. काही रबर आणि प्लास्टिकची मिश्रणे बंद झाली आहेत, काही रसायनांवर बंदी आहे. त्यामुळे जुन्या मापात, आजच्या सामग्रीने भाग बनवून तो नव्याने तपासावा लागतो. रेखाचित्र नसल्यास शाबूत राहिलेला एखादा भाग त्रिमितीय स्कॅनरने मोजला जातो.

पत्र्याच्या भागांसाठी निस्सानने २०१९ मध्ये एक वेगळी पद्धत जाहीर केली. पोलादी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना दोन यंत्रमानव उभे राहतात आणि हिऱ्याचा लेप असलेल्या टोकांनी पत्रा दोन्हीकडून थोडा थोडा दाबत त्याला आकार देतात. यात साचा लागतच नाही. एका नगाला प्रेसपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, पण पाच-पन्नास नगांसाठी साचा बनवण्याचा खर्च वाचतो. बंद झालेल्या गाड्यांचे पत्र्याचे भाग हाच या तंत्राचा उपयोग असल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते. लहान प्लास्टिक भागांसाठी त्रिमितीय छपाईचा मार्ग आहे. मात्र इंजिनाच्या उष्णतेत आणि उन्हात तो भाग किती वर्षे टिकेल, ही चाचणी छपाईपेक्षा कठीण असते.

कंपनीकडे नसेल तर भाग कुठे शोधायचा?

जाणकार मालक शोधाची सुरुवात बाजारात नव्हे, तर भाग क्रमांकापासून करतात. टोयोटा आणि निस्सानच्या भागांना पाच-पाच अंकी किंवा अक्षरी दोन गटांचा क्रमांक असतो. पहिला गट भागाचा प्रकार सांगतो, दुसरा तो कोणत्या मॉडेलसाठी आहे ते. कंपनीने सुधारणा केली की जुना क्रमांक रद्द होऊन नवा येतो. त्यामुळे ‘बंद’ दिसणारा भाग नव्या क्रमांकाने गोदामात पडलेला असू शकतो. गाडीची चॅसिस पाटी, उत्पादनाचा महिना आणि इंजिनाचा संकेतांक जुळवल्याशिवाय पैसे भरू नयेत, असे अनुभवी लोक सांगतात. एकाच मॉडेलमध्येही मधल्या काळात भाग बदललेले असतात.

दुसरा मार्ग भावंड गाड्यांचा. स्पोर्ट्स कारसुद्धा साध्या गाड्यांकडून खूप काही उसने घेते. २४० झेडचे सहा सिलिंडरचे इंजिन निस्सानच्या सेदान गाड्यांच्या घराण्यातले आहे. एई-८६चे ४ए-जीई इंजिन एमआर-२मध्येही होते. पहिल्या एमएक्स-५चे इंजिन माझदाच्या फॅमिलिया कुळातले. सुप्राच्या टर्बो नसलेल्या इंजिनाचे अनेक भाग लेक्सस गाड्यांत सापडतात. सेदानसाठी म्हणून विचारलेला तोच भाग पुष्कळदा स्वस्तात मिळतो.

तिसरा मार्ग वापरलेल्या भागांचा. जपानमध्ये ‘अप गॅरेज’सारखी जुन्या भागांची साखळी दुकाने आहेत आणि याहूच्या लिलावात रोज अशा वस्तू येतात. परदेशी ग्राहक मध्यस्थामार्फत बोली लावतात. मध्यस्थाचे शुल्क, जहाजाचे भाडे आणि सीमाशुल्क धरले की स्वस्त वाटलेला बंपर महाग पडतो. काहीजण अपघातग्रस्त गाडी भागांसाठीच विकत घेतात.

गाड्यांची संख्या इथे निर्णायक ठरते. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चार लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे तिच्यासाठी खासगी कंपन्याही भाग बनवतात. आर-३४ जीटी-आर जेमतेम साडेअकरा हजार बनल्या. तिचा भाग मिळाला तर तो कंपनीकडूनच किंवा दुसऱ्या आर-३४मधून. किमती वाढल्या तसे नकली भागही आले आणि चोऱ्याही वाढल्या. हाती आलेल्या चाकाचा किंवा इंजिनाचा पूर्वेतिहास विचारणे म्हणूनच गरजेचे ठरते.

गाडी उभी करताना सुरुवात कुठून होते?

सुरुवात गंजापासून होते. रंग चकाकतो आहे आणि आत पत्रा कुजला आहे, हा या व्यवहारातला नेहमीचा फसवा प्रकार. एमएक्स-५मध्ये दाराखालच्या सिल, जीटी-आरमध्ये मागच्या चाकावरची कमान आणि २४० झेडमध्ये तर जवळपास सगळा तळ आधी पाहतात. जपानी लिलावाच्या तपासणीपत्रावर याच्या खुणा असतात. ‘एस’ म्हणजे गंज, ‘यू’ म्हणजे खड्डा, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीच्या लाटा, आणि श्रेणीत ‘आर’ असेल तर अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी.

पत्र्यानंतर रबर. सस्पेन्शनचे बुश, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या, इंजिनाचे माउंट वयाने कडक होतात, गाडी चालवली असो वा नसो. एफडी आरएक्स-७मध्ये दोन टर्बो नियंत्रित करणाऱ्या निर्वात नळ्यांचे जंजाळ आहे. त्यातली एक चिरली तरी गाडी ताकद गमावते आणि कारण सापडायला दिवस जातात. मग इलेक्ट्रॉनिक्स. १९९०च्या काही गाड्यांच्या इंजिन नियंत्रक संगणकातील कॅपॅसिटरमधून द्रव गळून सर्किट खराब होते. वेळीच कॅपॅसिटर बदलले तर तो संगणक वाचतो.

इंजिनांचे दोष वेगवेगळे. रोटरी इंजिनात पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तिन्ही टोकांना बारीक सील असतात. दोन रोटरच्या इंजिनात असे सहा. ते झिजले की दाब पडतो. तो मोजायला साधे उपकरण पुरत नाही, रोटरीसाठीचे खास उपकरण लागते. सुरुवातीच्या आर-३२मध्ये तेलाचा पंप फिरवणारा क्रँकवरचा भाग अरुंद होता. शर्यतीच्या ताणात पंप फुटण्याचा धोका असल्याने इंजिन उघडले की तो बदलून घेतात.

हा खर्च वसूल होतो का?

बहुतेकदा नाही. पुन्हा बनवलेल्या भागाची किंमत मूळ किमतीच्या कित्येक पट असू शकते, कारण नग थोडे असतात. त्यात पत्र्याच्या कामाचे तास मोजले की एकूण खर्च गाडीच्या किमतीला मागे टाकतो. अगदी दुर्मीळ गाड्यांच्या बाबतीतच हिशेब जुळतो. म्हणून जाणते लोक सल्ला देतात की कमी किमतीची सडकी गाडी घेण्यापेक्षा जास्त पैसे देऊन निरोगी गाडी घ्यावी.

मूळ रूप राखायचे की बदल करायचे, हा वादही पैशाशी जोडलेला आहे. एकेकाळी या गाड्यांना मोठे टर्बो आणि रुंद चाके लावणे हीच संस्कृती होती. आज कारखान्यातून निघालेल्या स्थितीतली गाडी दुर्मीळ झाल्याने तिला जास्त भाव आहे. काढून फेकलेले मूळ स्टिअरिंग आणि सायलेन्सर लोक आता चढ्या भावाने परत शोधत आहेत.

भारतात या गाड्या आणता येतात का?

१९९०च्या दशकातील गाडीसाठी वाट जवळपास बंद आहे. भारतात वापरलेली मोटार आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. दुसरीकडे, २०२१च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ दर्जा आणि ‘व्हीए’ मालिकेचा नोंदणी क्रमांक मिळण्यासाठी दुचाकी वा चारचाकी ५० वर्षांहून जुनी असावी लागते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षांसाठी असते. म्हणजे १९९४ची सुप्रा आयातीसाठी फार म्हातारी आणि व्हिंटेजसाठी फार तरुण.

पण प्रश्न आपल्याला परका नाही. यामाहा आरएक्स-१००, राजदूत ३५०, पहिली मारुती ८०० आणि जिप्सी ही जपानी रचनेचीच वाहने इथे बनली आणि बंद झाली. त्यांचे मालक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाग शोधतात आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर घडवून घेतात. इथे हे ज्ञान कारागिराच्या हातात आहे. रेखाचित्र नाही, क्रमांकांची यादी नाही. तो कारागीर निवृत्त झाला की भागही संपतो. जपानी कंपन्यांनी उशिरा का होईना, ते ज्ञान कागदावर आणि कारखान्यात परत आणले.

पुढे काय?

विजेच्या गाड्यांकडे वळणाऱ्या कंपन्यांना आपला इतिहास जपण्यात जाहिरातीचाही फायदा दिसतो. २०२३ मध्ये टोयोटाने दोन एई-८६ सादर केल्या. एक हायड्रोजनवर, दुसरी बॅटरीवर चालणारी. जुनी गाडी भंगारात न काढताही प्रदूषण कमी करता येईल, हे त्यातून सुचवायचे होते. मात्र सामान्य मालकाचा प्रश्न त्याहून साधा आहे. कंपन्यांच्या याद्यांत आज प्रामुख्याने नावाजलेल्या गाड्या आहेत. फारशा न गाजलेल्या मॉडेलच्या मालकाला अजूनही भंगारातली दुसरी गाडीच शोधावी लागते. पुन्हा बनवलेला भागही एका ठरावीक तुकडीत येतो. ती तुकडी संपली की पुढची कधी निघेल, हे विक्रीवर ठरते. त्यामुळे नवी यादी आली की गरज नसतानाही रबराच्या दोन पट्ट्या जास्तीच्या घेऊन ठेवणारे मालक जगभर आहेत.